आमचे आणि आपले

मराठीने 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द वेगळे राखले आहेत, ही गोष्ट मराठी माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याला वगळून होतो तो समूह 'आम्ही', आणि त्यालाही सामावून घेऊन होतो तो 'आपण'. 'आमचे घर' म्हणताना ऐकणारा उंबऱ्याबाहेर उभा असतो. 'आपले घर' म्हणताच तो आत येतो. बेंगळूरुसारख्या शहरात काही काळ राहिले की हा भेद एकाएकी जाणवू लागतो, कारण आजच्या कन्नडात तो उरलेला नाही. तेथे 'नावु' आणि 'नम्म' या शब्दांनीच दोन्ही कामे भागतात. २० ऑक्टोबर २०११ रोजी या शहरात मेट्रो धावू लागली. तिचे नाव 'नम्म मेट्रो'. हे नाव मराठीत आणू गेल्यास क्षणभर थबकावे लागते. ही मेट्रो आमची की आपली? कन्नड माणसाला असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. मराठी माणसाला मात्र उत्तर दिल्यावाचून वाक्य पुरे करता येत नाही. आणि आपण मराठी माणसे उत्तर नेहमी उदारपणेच देतो असेही नाही. 'आमची मुंबई' हा आपला लाडका शब्दप्रयोग त्याला साक्षी आहे.

एखाद्या समूहात असणे म्हणजे नेमके काय, तो समूह केव्हा 'आमचा' असतो आणि केव्हा 'आपला' होऊ शकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न मोठा आहे, आणि त्यासाठी निवडलेले उदाहरण पुष्कळांना क्षुल्लक वाटेल. ते उदाहरण म्हणजे जुन्या मोटारींच्या मालकांचे मंडळ. जात, धर्म, भाषा, प्रांत यांच्या आधारे होणारे समूह आपल्या विचारविश्वात इतके ठाण मांडून बसले आहेत, की त्यांच्याविषयी बोलताना आपण निर्विकार राहू शकत नाही. मोटारीच्या मंडळाबाबत तसा धोका नाही. आवेश नसलेल्या ठिकाणी तत्त्व अधिक स्वच्छ दिसते.

बेंगळूरुत अशा मंडळांना तोटा नाही. कर्नाटक व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ही येथील परिचित संस्था. तिच्याखेरीज एकेका बनावटीच्या किंवा एकेका काळातील गाड्यांच्या मालकांचे लहानमोठे गट आहेत. एका स्नेह्यांच्या आग्रहाने मी ज्या गटाच्या बैठकांना काही वेळा गेलो, तो असाच एक लहानसा, अनौपचारिक गट. महिन्यातला एक रविवार, सकाळची सातची वेळ, रस्ते अजून मोकळे. दहाबारा गाड्या येऊन उभ्या राहतात, बॉनेट उघडली जातात, स्टीलच्या पेल्यांतून फिल्टर कॉफी फिरते. चर्चा कार्बुरेटरची, गॅस्केटची, दारांच्या रबरी पट्ट्यांची. एका गृहस्थांना हेडलाइटची मूळची काच तीन वर्षे शोधून कोईमतूरला सापडली; ती वार्ता त्यांनी ज्या स्वरात सांगितली, त्या स्वरात माणसे नातवाच्या जन्माची वार्ता सांगतात. कोणी हसले नाही. ज्या ठिकाणी आपल्या वेडाला कोणी हसत नाही, तेथे माणूस पुन्हापुन्हा जातो. सदस्यत्वाचा हा अगदी पहिला आणि पुष्कळदा एकमेव अर्थ असतो.

अशा मंडळांचा इतिहास मोटारीच्या इतिहासाइतकाच जुना आहे. पॅरिसमधील ऑटोमोबाईल क्लब १८९५ साली निघाला, लंडनमधील १८९७ साली. आपल्याकडे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन मुंबईत १९१९ पासून आहे, आणि जुन्या गाड्यांची 'स्टेट्समन'ने भरवलेली दिल्लीतील शर्यत १९६४ पासूनची. या इतिहासातील एक प्रसंग प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०५ साली इंग्लंडात ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, ती मुख्यतः मोटारमालकांना पोलिसांच्या वेगतपासणीपासून वाचवण्यासाठी. संस्थेचे सायकलस्वार सेवक रस्त्यावर उभे राहून पुढच्या सापळ्याची सूचना देत. १९१० साली न्यायालयाने हा सरकारी कामातील अडथळा ठरवला. तेव्हा संस्थेने युक्ती काढली: सदस्याची गाडी दिसताच सेवकाने सलाम करावा, सलाम केला नाही तर पुढे धोका आहे असे सदस्याने समजावे. न केलेल्या सलामाबद्दल कोण कोणाला शिक्षा करणार? मात्र याच संस्थेने १९०६ पासून रस्त्यांवर गावांची नावे आणि धोक्याच्या सूचना दाखवणारे फलक उभारण्याचे कामही हाती घेतले, आणि पुढे स्थानिक प्रशासनाने ते आपल्याकडे घेईपर्यंत हजारो फलक उभे केले. फलक सदस्याला दिसतो तसाच पायी चालणाऱ्यालाही दिसतो. न केलेला सलाम फक्त सदस्यालाच समजतो. एकाच संस्थेच्या या दोन कृती. एक 'आमची', दुसरी 'आपली'. समूह एकाच प्रकारचा असतो असे नव्हे. एकाच समूहाच्या अंगी दोन्ही शक्यता एकाच वेळी नांदत असतात.

या मंडळांविरुद्धचा ढोबळ आक्षेप असा, की हा सारा परिग्रहाचा उत्सव आहे. ज्याच्याजवळ एक मोटार आहे त्याने दुसरी, निरुपयोगी मोटार बाळगायची, तिच्यावर पैसा उधळायचा आणि तशाच दुसऱ्या माणसांना जमवून परस्परांची पाठ थोपटायची. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणवत नाही. तथापि त्यात संग्रह आणि निगा या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. संग्रह करणारा वस्तू ताब्यात आली की थांबतो. निगा राखणाऱ्याचे काम तेथून सुरू होते. आपल्या भाषेतील एक शब्द येथे आठवतो. 'ममता' म्हणजे व्युत्पत्तीने केवळ 'माझेपणा'. संस्कृत तत्त्वचिंतनात हा शब्द बंधनाचा, सोडून देण्याच्या गोष्टींच्या यादीतला. मराठीत येता येता तो आईच्या मायेचा झाला. ज्या शब्दाने मालकी सांगायची त्याच शब्दाने आपण निरपेक्ष माया सांगू लागलो, हा भाषेचा गलथानपणा नसून तिचे शहाणपण असावे. 'माझे' म्हणण्याचे दोन मार्ग आहेत: वस्तू माझ्यासाठी आहे असे मानणे, किंवा मी वस्तूसाठी आहे असे मानणे. गांधीजींची विश्वस्ताची कल्पना या दुसऱ्या मार्गावरची आहे.

कायद्यानेही आता या भेदाची काहीशी दखल घेतली आहे, असे म्हणता येईल. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी सुधारणा झाली, तिच्यानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यांच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शर्यत, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यांपुरतीच ती बाहेर पडू शकते. वाहन वाहण्याचे सोडते तेव्हा त्याचा सन्मान सुरू होतो. उपयोग संपल्यावर उरतो तो केवळ संबंध.

पण हा संबंध कोणाचा? ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाचे कोडे घातले: एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहते काय? जुन्या मोटारींच्या बैठकीत हे कोडे दर महिन्याला घातले जाते, फक्त तेथे त्याचे नाव 'ओरिजिनल' असे असते. इंजिन बदलले तर गाडी मूळची राहिली का? पत्रा बदलला तर? रंग बदलला तर? वाद रंगतो, आणि त्यात एक गोष्ट हटकून निसटते. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांतून, शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून जो माणूस योग्य भाग ओळखून आणतो, न मिळाल्यास लेथवर बनवून घेतो, आणि कोणता भाग जुना ठेवावा, कोणता बदलावा याचा निर्णय प्रत्यक्षात घेतो, तो मिस्त्री या वादात नसतो. बदलत्या भागांतून गाडीचे तेच-पण टिकून राहते ते त्याच्या स्मरणात. मालकाजवळ गाडीचे कागद असतात. मिस्त्रीजवळ गाडीचा इतिहास असतो. मंडळ मात्र मालकांचे.

ज्या स्नेह्यांमुळे मी तेथे गेलो, ते मूळचे बेळगावचे, बेंगळूरुत अभियंता म्हणून सारी नोकरी केलेले, वयाची ऐंशी ओलांडलेले. त्यांच्याजवळ वडिलांनी घेतलेली १९६५ची फियाट होती. या गाडीमागे एक मराठी मुलखातील कथाही आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांना मोटारींचा कारखाना काढायचा होता. त्या खटपटीतील प्रवासात विल्यम पॉली यांची गाठ पडली आणि त्यातून आधी निघाला तो विमानांचा कारखाना, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने, याच बेंगळूरुत. मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ साली उभी राहिली; तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला झाला आणि पुढे तेथून फियाट बाहेर पडू लागल्या. स्नेही ही कथा प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत, आणि शेवटी म्हणत, "म्हणजे ही गाडी उशिरा का होईना, पोचायच्या जागी पोचली."

ती गाडी चाळीस वर्षे एकाच मिस्त्रीने सांभाळली होती. स्नेह्यांचे मुलगे परदेशी. त्यांना गाडीत रस नाही. एका सदस्याने चांगली किंमत देऊ केली होती. अशा वेळी त्यांनी बैठकीत साधी सूचना मांडली: या मिस्त्रीला मंडळाचे सदस्य करून घ्यावे. क्षणभर शांतता झाली. मग एक सदस्य सौम्यपणे म्हणाले, "सर, त्यांच्याविषयी आदर आहेच. पण आपले मंडळ मालकांचे आहे. एकाला घेतले की सगळ्यांना घ्यावे लागेल."

हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. कोणाशी सलगी करावी हे ठरवण्याचे स्वातंत्र्य खाजगी मंडळाला असतेच. तेवढे नसेल तर मैत्रीलाच अर्थ राहणार नाही. शिवाय सर्वांना सामावणारे मंडळ हे मंडळ उरत नाही, तो बाजार होतो. मालकावर खर्चाचा आणि जोखमीचा जो भार असतो तो मिस्त्रीवर नसतो, हेही खरे. तरीही या युक्तिवादात एक उणीव होती, आणि ती तपासण्यासाठी ॲरिस्टॉटलचा आधार घेता येईल. मैत्रीचे त्याने तीन प्रकार मानले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. पहिल्या दोन मैत्री हेतू सरला की सरतात. तिसरी टिकते, कारण ती दुसऱ्या माणसातील चांगुलपणावर उभी असते. मोटारमंडळ सुखाच्या मैत्रीवर उभे आहे म्हणावे, तर ते कमी लेखणे झाले. या माणसांना एकत्र आणणारा एक गुणही आहे, आणि तो म्हणजे निगा. मंडळ स्वतःविषयी सांगते तेही हेच: आम्ही वारसा जपतो. पण जपणे हा गुण मानला तर तो ज्याच्या अंगी सर्वांत अधिक आहे त्यालाच दाराबाहेर ठेवता येत नाही. आणि मालकी हीच कसोटी मानली तर वारसा जपण्याची भाषा सोडून द्यावी लागते. जो समूह एका तत्त्वाने स्वतःचा गौरव करतो आणि दुसऱ्या तत्त्वाने दार लावून घेतो, त्याच्या ठायी नैतिक विसंगती आहे. वगळणे हा दोष नव्हे. वगळण्याचे कारण आणि अभिमानाचे कारण वेगवेगळे असणे हा दोष आहे.

ही विसंगती केवळ मोटारमंडळाची नव्हे, हे सांगायला नको. साहित्यसंस्था भाषेचे नाव घेऊन चालतात आणि वर्गणीदारांच्या असतात. परगावच्या आपल्या मंडळांतून संस्कृतीचा जयघोष होतो आणि गणपतीची मूर्ती घडवणारा मात्र पाहुणाही नसतो. मी स्वतः अशा संस्थांच्या कार्यकारिणींवर वर्षानुवर्षे बसलो आहे. त्यामुळे त्या सौम्य स्वराच्या सदस्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला पोचत नाही. तो स्वर माझ्या ओळखीचा होता.

बेंगळूरुत वर्षातून एक दिवस असा येतो, की ही वाटणी उलटी होते. आयुधपूजेला बसगाडीपासून रिक्षापर्यंत प्रत्येक वाहन धुतले जाते, त्याला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधल्या जातात, चाकांखाली लिंबे ठेवली जातात. आपल्याकडील खंडेनवमीचेच हे थोरले रूप. त्या दिवशी सरकारी बसची पूजा तिचा चालक आणि वाहक करतात. बस त्यांच्या मालकीची नसते. पूजेचा अधिकार हत्यार वापरणाऱ्याचा, हत्यार बाळगणाऱ्याचा नव्हे, हा परंपरेचा निवाडा आहे. मात्र याच पूजेचा दुसरा भागही पाहायला हवा. दृष्ट काढलेला कोहळा रस्त्यावर फोडला जातो, त्याचा चिखल होतो आणि मागून येणारे दुचाकीस्वार त्यावरून घसरतात. कोहळे रस्त्यावर फोडू नका असे आवाहन दरवर्षी करावे लागते. आमची गाडी सुरक्षित राहावी म्हणून आपला रस्ता निसरडा होतो. ज्या शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे, तेथे हे दृश्य केवळ एका सणापुरते राहत नाही. रोज सकाळी प्रत्येकजण आपापली गाडी जपत घराबाहेर पडतो, आणि सगळ्यांच्या जपण्याची बेरीज होऊन रस्ता तुंबतो. वस्तूविषयीची निगा वस्तूच्या सीमेवर थांबली की ती निगा राहत नाही. ती लांबवर पोचलेली आत्मरती ठरते.

मग मालकीवाचून आपलेपणा संभवतो काय? संभवतो, आणि त्याचे उदाहरण त्याच कुर्ल्याच्या गाडीने दिले आहे. मुंबईतील काळीपिवळी पद्मिनी ज्यांनी कधीही विकत घेतली नाही, घेण्याची ऐपतही ज्यांना नव्हती, अशा लाखो माणसांनी तिला आपली मानले. प्रसूतीसाठी निघालेली बाई, गावाहून उतरलेला म्हातारा, पहिल्या पगाराच्या दिवशी चैन म्हणून टॅक्सी केलेला कारकून यांच्या आठवणींत ती आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून गेली. तेव्हा जी हळहळ व्यक्त झाली, तिच्यात मालक फारच थोडे होते. वारीतही असेच असते. दिंडीला शिस्त असते, क्रम असतो, विणेकऱ्याचा मान असतो. पण ज्याच्यामुळे सारे एकत्र येतात तो विठ्ठल कोणाच्याही नोंदवहीत नसतो, आणि ज्ञानेश्वरांनी तर त्याला कानडाच म्हटले आहे. म्हणून तेथे प्रत्येकाला प्रत्येकजण 'माउली' म्हणू शकतो. समूहाच्या मध्यभागी जी वस्तू असते ती कोणा एकाची असेल, तर समूह 'आम्ही'पाशीच थांबण्याचा धोका असतो. मोटारमंडळाची खरी अडचण हीच आहे. त्याच्या मध्यभागी दहाबारा देव आहेत, आणि प्रत्येकाचा पुजारी मालकही आहे.

स्नेह्यांनी अखेर वाद घातला नाही. दोन महिन्यांनी त्यांनी गाडी मिस्त्रीच्या नावावर करून दिली. नियम पुरा झाला. पुढच्या बैठकीला तो सदस्य म्हणून आला आणि सर्वांनी मोकळेपणाने त्याचे स्वागत केले. ते स्वागत खोटे नव्हते. परंतु मला एक गोष्ट टोचत राहिली. दोन महिन्यांपूर्वीच्या आणि त्या दिवशीच्या मिस्त्रीत काहीच फरक नव्हता. त्याचे ज्ञान तेच, हात तेच. फरक होता तो एका कागदात. मंडळाने माणसाला आत घेतले नव्हते, मालकाला घेतले होते.

आणि या दानाची दुसरी बाजू मला त्याच्याकडूनच कळली. मी अभिनंदन केले तेव्हा तो हसून म्हणाला, "इतकी वर्षे साहेबांच्या गाडीचे काम केले की पैसे मिळायचे. आता माझ्या गाडीचे काम कोणाच्या पैशाने करू?" उपजीविका होती तिचा खर्च झाला होता. विकावी तर साहेबांचे मन मोडणार, ठेवावी तर घरची आबाळ. आपण न्याय केला अशा समाधानात असलेल्या आम्हा दोघा वृद्धांच्या हे ध्यानातही आले नव्हते. 'आपले' म्हणणे ही नुसती भावना नाही, त्यात भाराची वाटणीही यावी लागते, हे त्याच्या एका वाक्याने शिकवले. पुढे स्नेह्यांनी दरमहा दुरुस्तीचा खर्च देण्याचे ठरवले, आणि गाडी पूर्वीप्रमाणे त्यांच्याच आवारात उभी राहू लागली. कागदावर एकाची, खर्चाने दुसऱ्याची, हाताखाली पुन्हा पहिल्याची. मालक कोण, हे सांगणे अवघड झाले, आणि माझ्या मते त्या गाडीच्या आयुष्यातील ही सर्वांत निरोगी अवस्था होती.

त्यानंतरच्या एका रविवारी एक तरुण प्रथमच बैठकीला आला होता. फियाटजवळ उभ्या असलेल्या मिस्त्रीला त्याने कन्नडात विचारले, ही गाडी कोणाची? स्नेही पलीकडच्या बाकावर कॉफी घेत होते. मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिले, मग गाडीकडे, आणि म्हणाला, "नम्म गाडी."

मी सवयीने मनातल्या मनात भाषांतर करू लागलो, आणि थांबलो. त्याने 'आमची' म्हटले की 'आपली', हे त्याच्या भाषेने मला सांगितले नाही. तो तरुण मात्र तोवर गाडीत डोकावून पाहू लागला होता.